अकरा जणींचं कापड

आमच्या घरमालकीणबाईंना दिग्रसमध्ये सगळे ‘रशियन बाई’ म्हणायचे, आणि त्या प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, आपण रशियन नाही असं सांगायच्या. भाजीवालीला सांगायच्या, पोस्टमनला सांगायच्या, मीटर बघायला आलेल्या माणसाला स्टुलावरून खाली उतरवून सांगायच्या. एकदा पुसदच्या एसटीत मी त्यांच्यासोबत होते. गर्दीत कंडक्टर ओरडला, “ओ रशियन बाई, जराशा पुढं सरका.”

काकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “तू कुठचा होय?”

“मुकुटबनचा.”

“नदीच्या तिकडं काय लागते?”

“आंध्र लागते.”

“मंग तुले तेलंगी म्हटलं त चालंल?”

“काहून चालंल? मी मराठी माणूस होय.”

“मी युक्रेनची होय. रशियन नाही. आता सरकते.”

पुढच्या आठवड्यात त्याच कंडक्टरनं त्यांना पुन्हा ‘रशियन बाई’ म्हटलं आणि काकूंनी पुन्हा ‘तू कुठचा होय’पासून सुरुवात केली. त्यात राग नसायचा. रोज अंगण झाडावं तसं त्या ते काम करायच्या. मलाच कंटाळा यायचा. एकदा मी म्हणाले, “सोडा ना काकू. काय फरक पडतो?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि “तुले नाही पडत,” एवढंच म्हणून आत गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायला गेले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. लग्न दोन वर्षांत मोडलं होतं. पुसदला माहेरी बसून राहण्यापेक्षा बरं म्हणून दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हजेरी घ्यायची नोकरी धरली होती. काकूंचे यजमान त्याच जिनिंगमध्ये इंजिनियर होते. तरुणपणी ते तिकडे, युक्रेनमध्ये, यंत्रांचं शिक्षण घ्यायला गेले आणि येताना काकूंना घेऊन आले. मी गेले तोवर यजमान वारले होते. मूलबाळ नव्हतं. काकू पंचावन्नच्या आसपास असाव्यात. उंच, हाडापेराने मोठ्या, सुती नऊवार नेसणाऱ्या. नऊवारच का, तर सासू नेसायची आणि तिनं तेवढंच शिकवलं.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी आधी नाव विचारलं. मी सांगितलं.

“हे कोणं ठेवलं?”

“सासरच्यांनी. लग्नात.”

“मायनं काय ठेवलं होतं?”

मी तेही सांगितलं.

“मंग मी त्यानंच हाक मारीन. खोली पाहून घे. पंखा आवाज करते.”

मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत मला कशानंच काही वाटत नव्हतं. पण घराबाहेरच्या कुणी त्या नावानं हाक मारायला सुरुवात केल्यावर मी हळूहळू ओ द्यायला लागले, हे खरं.

त्यांचंही नाव लग्नात बदललं होतं. सासूनं ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहवून घेतलं. काकूंना तेव्हा देवनागरी अक्षरं वाचता येत नव्हती. “मले वाटलं काही नक्षी होय. लय चांगली दिसली. आठ दिवसांनं समजलं का ते माह्यं नाव होय.” ते नाव रेशनकार्डावर आणि मतदार यादीत होतं. खरं नाव त्यांनी मला सांगितलं, पण कागदावर लिहायचं नाही अशी बोली करून. ती मी अजून पाळते, म्हणून इथे त्या नुसत्या काकू.

मराठी त्या सासूकडून शिकल्या होत्या आणि ती अस्सल वऱ्हाडी होती. फक्त ‘ळ’ येत नसे, इथे तो मीच घातला आहे. काळा म्हणायचं तर ‘काला’ म्हणत आणि जवळ कुणी हसलं तर शब्दच बदलून टाकत. घरात दोरा फेकायचा नाही असा नियम होता. फाटक्या बनियनचा, गव्हाच्या पोत्याचा, साडीच्या काठाचा, कुठलाही दोरा त्या उसवून काढत आणि रंगाप्रमाणे काडेपेट्यांत ठेवत. ब्लाउजच्या आतल्या बाजूला सुई टोचलेली असायची. ती झोपतानासुद्धा तिथंच. अंगणात त्या दरवर्षी बीट लावत. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते दरवर्षी करपून जायचं. मग पुसदच्या बाजारातून बीट आणून त्याचं लाल पातळ कालवण करायच्या आणि ज्वारीच्या भाकरीसोबत मला वाढायच्या. मी चेहरा वाकडा केला की म्हणायच्या, “मी तुमचा ठेचा खाल्लाच नं.”

हे सगळं कुठून आलं ते मला कळलं एका मे महिन्यातल्या दुपारी. आठ-आठ तास वीज नसायची. कूलर बंद पडला होता. आम्ही दोघी स्वयंपाकघरात फरशीवर पाणी शिंपडून, बादलीत पाय सोडून बसलो होतो. मी उन्हाबद्दल कुरकुर केली.

“उन्हाचं मले काही नाही,” काकू म्हणाल्या. “माही माय थंडीत मेली असती. मी थंडीतच जन्मली.”

आणि मग बादलीतलं पाणी कोमट होईपर्यंत त्या बोलल्या.

त्यांच्या आईला एकोणिसाव्या वर्षी पकडलं. तिचा चुलतभाऊ रशियन सरकारविरुद्ध लढणाऱ्यांबरोबर जंगलात होता. तिनं त्याला भाकरी आणि एक शर्ट नेऊन दिला, एवढाच गुन्हा. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि तिला पार उत्तरेला, बर्फात, मजुरांच्या छावणीत पाठवलं. तिथं बाया झाडं तोडायच्या, रेल्वेसाठी माती वाहायच्या. नाव कुणी घेत नसे. प्रत्येकीला एक नंबर. “तो नंबर आपल्याच हातानं आपल्याच कोटाच्या पाठीवर शिवा लागे,” काकू म्हणाल्या. “सरकारी सुई द्यायचे, नंबर शिवून झाला का वापस घ्यायचे.”

आईच्या बराकीत तिच्या मुलखातल्या अकरा जणी होत्या, प्रत्येक वेगळ्या गावची. त्यांच्याकडे प्रत्येक गावाची भरतकामाची नक्षी वेगळी. बाहीवरची नक्षी पाहून बाई कुठली ते सांगता येतं. या अकरा जणींनी स्वतःची सुई केली. सूपमध्ये मासळीचा काटा आला की तो लपवायचा, दगडावर घासायचा, तापल्या तारेनं त्याला नाक पाडायचं. पांढरा दोरा बँडेजमधून. पिवळा हवा तर कांद्याच्या सालीत बुडवलेला. काळा काजळीतून. लाल मात्र कशातून येईना. एकीजवळ घरून आणलेला लाल रुमाल होता. ती त्यातून आठवड्याला एक दोरा काढून द्यायची.

“आन मंग?” मी विचारलं.

“मंग झडती. सापडलं का घेऊन जायचे, आन जिच्याजवळ सापडलं तिले अंधारकोठडी. तीन खेपा घेऊन गेले. मंग त्याहिनं ठरवलं का कापड ठेवायचंच नाही. डोक्यात ठेवायचं. एक बाई आपल्या गावची नक्षी बाकीच्या दहा जणींले शिकवंल. सुई हातात घ्यायच्या आंधी नाव सांगायचं. आपलं, बापाचं, गावाचं. सगळ्यांहिनं ते म्हणून दाखवायचं. मंगच टाका. पाठ झालं का उसवून टाकायचं.”

“कशासाठी?”

“कोणी ना कोणी घरी जाईन म्हणून.”

सणाचंही सांगितलं. हिवाळ्यात त्यांचा मोठा सण असतो, आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. छावणीत ताटात काहीच नाही. मग प्रत्येकीनं आपल्या घरचा एक पदार्थ सांगायचा, कसा करायचा तेही. कुणी गव्हाच्या खिरीत मध जास्त सांगितला की दुसरी म्हणायची, इतका मध कोणी घालतं का, आणि कडाक्याचं भांडण व्हायचं. “भांडण झालं का जेवल्यासारखं वाटे,” असं आई सांगायची म्हणे.

अकरांतल्या पाच जणी घरी परतल्या. काकूंची आई त्यातली एक. तिनं परत आल्यावर एका लांब कापडावर अकरा पट्ट्या भरल्या, एकेकीची एकेक. मग ज्या सहा जणी आल्या नाहीत त्यांची घरं शोधत फिरली. दोन सापडली.

काकूंनी उठून ट्रंकेतून ते कापड आणलं. टॉवेलएवढं रुंद, त्याच्या दुप्पट लांब. मी ते ओल्या हातानं घ्यायला गेले तर त्यांनी माझे हात आधी पदरानं पुसले. एकेका पट्टीवर बोट ठेवून त्यांनी नावं सांगितली. मी म्हणाले, “थांबा, लिहून घेते.”

“नाही. कागद सापडते.”

“आता कुणाला सापडणार काकू? दिग्रसमध्ये?”

“तोंडानं म्हण. पाठ कर.”

मी हो म्हटलं. पाठ मात्र केलं नाही.

स्वतःचं त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. त्या छावणीत जन्मल्या. बाप कोण ते आईनं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दोन वर्षांच्या झाल्यावर पोरं आईपासून काढून अनाथालयात नेत. तिथं सगळं रशियनमध्ये. आई सुटून त्यांना न्यायला आली तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या.

“एक बुढी बाई आली. तीस वर्षांची होती, पण बुढी दिसे. माह्याशी काहीतरी बोलली. मले समजलं नाही. मी म्हटलं, मले तुमची भाषा येत नाही, मी रशियन आहो.”

बादलीतले पाय त्यांनी बाहेर काढले आणि पुसत बसल्या.

“तिनं मले पोटाशी नाही घेतलं. घेतलं असतं त मी चावली असती. बाकावर बसून टाके घालत राह्यली. चार दिवस तशीच येऊन बसे. चौथ्या दिवशी मीच गेली जवळ. विचारलं, हे काय होय? तं ती म्हणे, परास्का. एका बाईचं नाव. माह्या भाषेतला तो पयला शब्द.”

पाय पुसून झाल्यावर म्हणाल्या, “मी तिले सांगतलं होतं का मी रशियन आहो. आता बाकीच्याले नाही म्हणून सांगत राह्यते. तिले नाही सांगू शकत, त यांहिले.”

त्यानंतर ‘काय फरक पडतो’ असं मी कधी म्हणाले नाही.

जिनिंगचे दिवस तेव्हा वाईट चालले होते. कापूस यायचा तो पूर्वीच्या निम्म्यानं, हंगाम दोन महिन्यांत आटपायचा, आणि सकाळी पेपर उघडायला नको वाटायचं. कापसातला कचरा वेचायला साठेक बाया होत्या, बहुतेक आसपासच्या बंजारा तांड्यांवरच्या. गेटवर त्यांना पितळी बिल्ला मिळायचा आणि मुकादम बिल्ल्याच्या नंबरनं हाक मारायचा. मी हजेरीही तशीच लिहायची. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

एकदा मी डबा विसरले म्हणून काकू तो घेऊन गेटवर आल्या. मुकादम ओरडत होता, “चौदा नंबर! ए चौदा!” काकूंच्या हातातला डबा खाली पडला. वरण मातीत गेलं. त्या मुकादमापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“तिचं नाव काय?”

“बाई, कामाचा टाइम आहे.”

“नाव काय तिचं?”

“कमला असंल. चार कमला आहेत, तीन मंगला आहेत. नंबर नाही त काय करू मी?”

“बापाचं नाव इचार. तांड्याचं इचार.”

मुकादम माझ्याकडे पाहून हसला. मी खाली पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पुन्हा गेटवर. तिसऱ्या दिवशीही. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून नाव, बाप, तांडा विचारायच्या. बाया वैतागल्या. एक म्हणाली, “नंबरच बरा होता मायबाई, लवकर आत तं जाता ये.” शेवटी गेटवर गर्दी होते म्हणून शेठनं मला सांगितलं, नावानं घ्या हजेरी, पण या बाईला आवरा. तेव्हापासून हजेरीला दहा मिनिटं जास्त लागू लागली. बिल्ले मात्र राहिलेच.

त्या चौदा नंबरची कमला काकूंच्या घरी यायला लागली. तिशीची, बोलायला तिखट. तिच्या सासूला जुन्या बंजारा पोशाखाचं भरतकाम येत होतं, आरसे, कवड्या, ते विशिष्ट टाके. कमलाला त्याची लाज वाटायची. “ते घालून बजारात गेली त लोकं पाहून राह्यतात,” ती म्हणायची. काकूंच्या कानावर या सासूचं आलं मात्र, दर बुधवारी त्या ऑटोनं तांड्यावर जाऊ लागल्या. म्हातारीला बंजाऱ्यांच्या गोरबोलीशिवाय काही येत नव्हतं, काकूंना गोरबोली येत नव्हती. दोघी लिंबाखाली दिवसभर बसायच्या. एकदा मी गेले तर म्हातारी काकूंच्या हातातलं कापड ओढून टाके उसवत होती आणि तोंडानं शिव्या देत होती, आणि काकू शाळेतल्या पोरीसारख्या मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना इतकं सुखी मी दुसऱ्या कुठल्याही वेळी पाहिलं नाही.

दीड वर्षानं म्हातारी गेली. त्यानंतर महिनाभरानं कमला काकूंकडे येऊन दारातच बसली. म्हणाली, “याडीचे टाके मले दाखवा नं बाई.” याडी म्हणजे आई, सासूला ती तसंच म्हणायची.

“आता काहून?”

“आता इचारावं कोणाले?”

काकूंनी तिला आत घेतलं. दर रविवारी ती यायची. तिला सासूचे टाके येऊ लागल्यावर काकूंनी ट्रंकेतलं कापडही काढलं. मी बाजूला हजेरीपट पूर्ण करत बसायची आणि ऐकायची. आधी नाव, बाप, गाव. कमलानं म्हणून दाखवायचं. मग टाका. कमलाला लिहिता येत नव्हतं, पगारपत्रकावर ती अंगठा करायची. तिची जीभ त्या नावांना कशीही वळवायची. काकू दहा वेळा दुरुस्त करायच्या आणि अकराव्या वेळी हसून सोडून द्यायच्या. सुरुवातीला तिच्याबरोबर आणखी पाच-सहा बाया यायच्या. मग तीन झाल्या. मग ती एकटीच.

जिनिंग त्याच्या पुढच्या वर्षी बंद पडलं. बाया पांगल्या, कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्याकडे बांधकामावर. कमलाही गेली. जायच्या दिवशी ती भेटायला आली तेव्हा काकू झोपल्या होत्या. तिनं उठवू दिलं नाही. मी एका पतसंस्थेत लागले आणि त्याच खोलीत राहिले.

काकूंना झटका आला तो एका सकाळी, अंगणात बिटाच्या वाफ्याजवळ. मी त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली होती. मराठी पूर्ण गेली होती. पण त्या बोलत होत्या, सारखं, हळू आवाजात, लांब लांब वाक्यं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, “या रशियन बोलताहेत का?”

‘रशियन नाही’ म्हणायला मी तोंड उघडलं, पण मला माहीत नव्हतं. ती आईची भाषा होती की अनाथालयातली, हे मला ओळखता येत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, “माहीत नाही.” पाच दिवस मी त्यांच्या उशाशी बसून ते ऐकलं. कधी त्या थांबून माझ्याकडे उत्तरासाठी पाहायच्या. मी ‘हो’ म्हणायची. सहाव्या दिवशी त्या गेल्या.

त्यांनी पूर्वी सांगून ठेवलं होतं, “मले जाळजा. मातीत थंडी असते.” तसंच केलं. नागपूरहून यजमानांचा पुतण्या आला. चांगला माणूस होता. घर विकायचं ठरलं. जुन्या कपड्यांचं काय ते तुम्हीच पाहा, असं म्हणून त्यानं ट्रंक माझ्याकडे दिली.

मी ते कापड पलंगावर पसरलं. अकरा पट्ट्या. मला त्यातल्या चार सांगता आल्या. काकूंची आई, परास्का, आणखी दोघी. बाकी सात नुसत्या नक्ष्या होत्या, सुंदर आणि मुक्या. मी वाचता लिहिता येणारी बाई, वर्षानुवर्षं साठ जणींची हजेरी घेतलेली. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

दीडेक महिन्यानं एका दुपारी कमला आली. पुण्याकडे तिला कुणीतरी उशिरा सांगितलं होतं. अंगावर बांधकामाची धूळ तशीच होती, एसटीतून उतरून सरळ आलेली. रडली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, “कापड कुठी आहे?”

मी समोर ठेवलं. तिनं हात धुतले, पुसले, आणि जमिनीवर बसून पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं. ज्यांची ही नावं, त्यांना आता कुठलाही कागद काही करू शकत नाही, म्हणून मी ती लिहिते आहे. पण कमलाच्या तोंडून आली तशीच. पारसका. हना. अलेना. तेफा. दारका नावाच्या बाईला ती द्वारका म्हणाली. यरणा. मारी. ओकसाना. नादी. प्रत्येकीच्या बापाचं नाव, प्रत्येकीचं गाव, सगळं मोडकंतोडकं, पण एकही न चुकवता, क्रमानं, हजेरी घेतल्यासारखं.

नऊ झाल्या. दहाव्या पट्टीवर तिचं बोट थांबलं. तिनं डोळे मिटून नवव्या पट्टीपासून पुन्हा म्हणून पाहिलं. मग अकराव्यावर गेली, परत दहाव्यावर आली.

“या दोघी नाही येऊन राह्यल्या, ताई,” ती म्हणाली. “बाईनं सांगतल्या होत्या. मीच इसरली.”

एक काकूंच्या आईची होती. ते नाव मला येत होतं, मी सांगितलं. कमलानं ते तीनदा म्हणून घेतलं. दुसरी आम्हा दोघींनाही आठवली नाही. कमलानं त्या पट्टीवर उलट्या हातानं हळूच हात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर फिरवतात तसा, आणि मग ब्लाउजमधून सुई काढून विचारलं, “दोरा आहे का घरात?”